दुसऱ्या शनिवारी, डावा गुडघा

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
कात्सुशिकाच्या समाजमंदिरात आमचा खेळण्यांचा दवाखाना भरतो.
पाच म्हातारे, दोन सोल्डर-गन,
गोंदाचा वास, थर्मासमध्ये भाजक्या जवाचा चहा.

चिनात्सु नुकागा, वय सात,
शिराहोमारूला टॉवेलात गुंडाळून घेऊन आली.
"बाबांचा आहे," म्हणाली, "उभाच राहत नाही."
बाबा दाराशी, बूट काढू की नको अशा बेतात.

टॉवेल उलगडायच्या आधीच मला कळलं, डावा गुडघा.
कळणारच.
तो साचा मी कापला होता.

तुम्ही ती मालिका पाहिली नसेल.
डोंगराखाली झोपलेला, देवळाच्या घंटेच्या धातूचा यंत्रमानव.
शाळेच्या गच्चीवरून एखाद्या पोराने शीळ घातली की जागा व्हायचा,
पाठीवरचं शीड उघडून वाऱ्याच्या मुलखात न्यायचा.
तिथे सावल्या गिळणारे राजे, उलट्या वाहणाऱ्या नद्या, सगळं होतं.
पण पोरं थांबायची ती शेवटच्या मिनिटासाठी:
लढाई संपली की तो गुडघे टेकायचा,
तळहात जमिनीला लावायचा
आणि अख्ख्या भागातलं एकच वाक्य बोलायचा,
"घरी जा. जेवण निवेल."

कंपनीच्या गुडघ्याला बाशिंग.
नाताळाआधी माल दुकानांत हवा.
आराखड्यात पितळेची खीळ होती, तीन मिलिमीटर;
विभागप्रमुख आशिहारांनी पेन्सिलीने खोडली.
प्लास्टिकची घाला. नगामागे तीन येन वाचतात.
मी म्हणालो, सहा महिन्यांत मोडेल.
ते म्हणाले, सहा महिन्यांत पोरं मोठी होतात.
मी म्हणालो...
नाही. पहिलंही मी म्हणालो नव्हतो.
मी साचा कापला.

फेब्रुवारीत पत्रं यायला लागली.
एकात नुसतं चित्र: गादीवर झोपलेला शिराहोमारू,
कपाळावर ओला रुमाल.
ते मी खिशात घातलं. अजून आहे.
पितळ उघडं पडलं असतं माझं,
पण पितळ घातलंच कुठे होतं.

मालिकेचे पुढे चार अवतार निघाले.
आताचा संगणकावर काढतात, त्याला खीळच लागत नाही.

जुनी खीळ काढली. दोन तुकडे, तांदळाच्या कणीएवढे.
छिद्र मोठं केलं, पितळ बसवलं.
हा एक्केचाळिसावा. मोजतो मी, कुणाला सांगत नाही.
शिराहोमारू टेबलावर उभा राहिला, खांबासारखा.
बाबा दोन पावलं आत आले, एकाच पायात बूट.

"आता बसवा त्याला," चिनात्सु म्हणाली.
बसेना. पितळ घट्ट.
"मग ही उतरणार कशी?"
तिने मूठ उघडली. आत नखाएवढी मुलगी, रंग उडालेली,
केस बॉलपेनने पुन्हा काढलेले.

इतकी वर्षं मी नुसती मजबुती मोजत होतो.
गुडघे टेकणं म्हणजे हरणं, एवढंच ठाऊक.
ज्याच्या खांद्यावर कुणी बसलंय
त्याचं काय, हे विचारलंच नव्हतं.

कानस घेतली. हलके चार हात. फुंकर.
पुन्हा चार.
पाऊण तासाने तो सावकाश खाली आला,
करकरत, माझ्यासारखाच,
आणि नखाएवढी मुलगी तळहातावरून उतरून
चहाच्या डागापाशी उभी राहिली.

"किती झाले?" नुकागांनी पाकीट काढलं.
आम्ही फक्त सामानाचे घेतो.
"तीन येन," मी म्हणालो.
ते हसले. म्हाताऱ्याची थट्टा समजले,
तरी खिसे चाचपत राहिले.
शेवटी निघाली ती चिनात्सुच्या बटव्यातून:
ॲल्युमिनियमची तीन नाणी,
पाण्यावर अलगद ठेवली तर तरंगतात इतकी हलकी.

डबीत टाकली. आवाजसुद्धा नीट झाला नाही.

पुढचा पेशंट: भुंकायचं विसरलेला कुत्रा.